आधी पाहुणा, मग दरवाजा

‘‘मावशी, राजा जहाजातून आला ना गं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि या दरवाजातून आत शिरला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कुठून शिरला?’’

‘‘इथूनच. पण तेव्हा दरवाजा नव्हता!’’

धाकटीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मावशी आपली थट्टा करतेय. तिच्या चौथीच्या वहीत ‘गेटवे ऑफ इंडिया राजाच्या स्वागतासाठी बांधला’ असं एकच वाक्य होतं, त्याच्याखाली बाईंची बरोबरची खूण होती. आता वहीवर विश्वास ठेवायचा की मावशीवर?

दोस्तांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी गेटवे पाहिला असेल. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला नाही त्यांनी सिनेमात, कॅलेंडरवर नाहीतर फ्रिजला चिकटवायच्या त्या चुंबकावर तरी पाहिलाच असेल. मी तर मुंबईतच जन्मले, वाढले. घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन गेटवेला जायचं, हे काम लहानपणापासून माझ्याकडे. इतक्या वेळा गेले, की पुढे पुढे बघणंच बंद झालं. तुम्ही तुमच्या घराच्या दाराकडे रोज निरखून बघता का? तसंच.

या नाताळच्या सुट्टीत माझ्या बहिणीची दोन मुलं कोल्हापूरहून आली. थोरला आठवीत, धाकटी चौथीत. सकाळी गेटवेला जायचं ठरलं, तशी कोपऱ्यातल्या खुर्चीतून अण्णा म्हणाले, ‘‘मी पण येतो.’’

अण्णा म्हणजे माझे वडील, मुलांचे आजोबा. वय सत्त्याऐंशी. हातात काठी असते. गिरगावातल्या आमच्या घराचा जिना उतरायचा म्हणजे त्यांना गड उतरल्यासारखंच वाटतं. मी म्हटलं, ‘‘अण्णा, तिथे गर्दी असते हो. बसायलासुद्धा जागा मिळायची नाही.’’

‘‘मिळेल. मला तिथली एक जागा बघायची आहे.’’

‘‘कुठली?’’

‘‘तिथे गेल्यावर सांगतो.’’

झालं! मुलांना कोडं मिळालं. टॅक्सीत दोघांनी आजोबांना भंडावून सोडलं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिला नाही.

टॅक्सी रीगल सिनेमाजवळ सोडली. तिथून समोर एक सुंदर घुमट दिसतो. ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पूर्वी त्याचं नाव होतं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. हे नाव लक्षात ठेवा, कारण हा प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजेच आपला पुढचा राजा, पंचम जॉर्ज. तो युवराज असताना १९०५ मध्ये आला होता आणि त्याच्या हस्ते या संग्रहालयाची पायाभरणी झाली होती. संग्रहालयाचा आराखडा करणारा वास्तुरचनाकार आणि गेटवेचा वास्तुरचनाकारही एकच: स्कॉटलंडहून आलेला जॉर्ज विटेट. मुंबईतलं केईएम रुग्णालयही त्याचंच काम.

रीगलकडून सरळ चालत निघालो. अण्णांच्या काठीच्या तालावर सगळे. थोड्या वेळाने थोरला थबकला.

‘‘मावशी, हा गेटवे तिरका का दिसतोय?’’

मी पाहिलं. खरंच की! इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. रस्ता जातो गेटवेकडेच, पण दरवाजा काही आपल्याकडे तोंड करून उभा नाही. अंग चोरून उभ्या असलेल्या माणसासारखा तो जरासा वळलेला दिसतो. याचं कारण गमतीचं आहे. गेटवेच्या बरोबर समोर येईल असा एक रुंद, ऐटदार रस्ता काढायचा बेत होता. राजेलोक जहाजातून उतरणार, कमानीखालून येणार आणि त्या रस्त्याने मिरवत शहरात जाणार! पण पैसे पुरले नाहीत. दरवाजा झाला, वाट राहिली. म्हणून आजही आपण सगळे आडवाटेनेच गेटवेला पोहोचतो.

‘‘म्हणजे आमच्या सोसायटीच्या बागेसारखं,’’ धाकटी म्हणाली. ‘‘फाटक बसवलंय, बाग नाही.’’

पिशव्या तपासून घेतल्या. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये समोरच्या ताजमहाल हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला, त्याच्याही आधी २००३ मध्ये इथे बॉम्बस्फोट झाला होता. म्हणून इथला बंदोबस्त कडक असतो. मग एकदम मोकळं मैदान. कबुतरांचे थवे, ‘फोटो, फोटो!’ करत गळ्यात कॅमेरा घेऊन फिरणारे छायाचित्रकार, देशभरातून आलेली माणसं. एक राजस्थानी आजीबाई ताजकडे बघत तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. ताज गेटवेपेक्षा वयाने मोठा बरं का! जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल १९०३ मध्ये सुरू झालं, तेव्हा समोर ना दरवाजा होता ना हे मैदान. होता नुसता धक्का आणि समुद्र. त्या जागेचं जुनं नाव पालवा बंदर. इंग्रजांच्या जिभेवर पालवाचं ‘अपोलो’ झालं, असं सांगतात. उगाच लोक तिथे ग्रीक देव शोधत बसतात!

आता दरवाजाजवळ या. उंची २६ मीटर, म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढी. मधल्या घुमटाचा व्यास १५ मीटर. तो घुमट बाहेरून फारसा जाणवतच नाही, आत उभं राहून मान वर केली की कळतं. दगड आहे पिवळसर बेसाल्ट. आपले गडकिल्ले ज्या खडकात उभे आहेत त्याच जातीचा, पण रंगाने मधासारखा. सकाळच्या उन्हात तो असा काही उजळतो, की हात लावून बघावासा वाटतो. बाजूंच्या कमानींना नक्षीदार दगडी जाळ्या आहेत, त्या ग्वाल्हेरच्या. कमानीची कल्पना रोमन लोकांच्या विजयकमानींची, आणि नक्षीचं वळण सोळाव्या शतकातल्या गुजरातमधल्या इमारतींचं. विटेटने आपल्याकडच्या जुन्या इमारतींचा चांगला अभ्यास केला होता. इंग्लंडच्या राजासाठी स्कॉटलंडच्या माणसाने गुजराती वळणाचा रोमन दरवाजा मुंबईत बांधला. भेळच की!

थोरल्याचं लक्ष वरती कोरलेल्या अक्षरांकडे गेलं. इंग्रजीत लिहिलंय, की बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी भारताच्या भूमीवर पाऊल ठेवलं, त्याची ही आठवण. तारीख आहे दोन डिसेंबर, आणि साल रोमन अंकांत. थोरल्याने ते बोटांवर सोडवलं. ‘एम’ म्हणजे हजार, ‘सी’ आणि ‘एम’ मिळून नऊशे, ‘एक्स’ दहा आणि ‘आय’ एक. झाले एकोणीसशे अकरा.

‘‘मग मावशी, बांधलं कधी?’’

आता ऐका हं. राजा-राणी ‘मेदिना’ नावाच्या जहाजातून आले २ डिसेंबर १९११ ला. त्यांच्या स्वागतासाठी इथे एक तात्पुरता, सजवलेला मंडप उभारला होता. दरवाजाची नुसती पुठ्ठ्याची प्रतिकृती राजाला बघायला मिळाली, असंही सांगतात. राजा पुढे दिल्लीला गेला, तिथे १२ डिसेंबरला मोठा दरबार भरला, भारताची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायचं जाहीर झालं आणि जानेवारी १९१२ मध्ये तो मुंबईहूनच परत गेला. गेटवेचा पायाचा दगड बसला त्यानंतर, ३१ मार्च १९१३ ला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते. १९१४ मध्ये विटेटचा आराखडा मंजूर झाला. मग समुद्रात भराव घालायचं आणि भिंत बांधायचं काम १९१९ पर्यंत चाललं. पाया पुरा झाला १९२० मध्ये. आणि एकदाचं उद्‌घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हातून.

म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दरवाजा तयार! आणि पंचम जॉर्ज त्यानंतर कधीच भारतात आला नाही. ज्याच्या नावाने हा दरवाजा उभा आहे, त्याने तो पुरा झालेला पाहिलाच नाही.

‘‘वहीत तसं नाहीये,’’ धाकटी म्हणाली. पण आता तिचा विश्वास बसला होता.

या धक्क्यावर दुसराही एक पाहुणा उतरला. ९ जानेवारी १९१५. ‘अरेबिया’ बोटीतून दक्षिण आफ्रिकेतला लढा संपवून, लंडनमार्गे आलेले मोहनदास गांधी आणि कस्तुरबा. साधे प्रवासी या धक्क्यावर उतरत नसत, हा मान मोठमोठ्या सरकारी पाहुण्यांचा. गांधीजींना तो मिळाला. अंगात काठियावाडी पोशाख, डोक्याला फेटा. त्यांच्यासाठीही दरवाजा नव्हताच. तेव्हा तर भिंतीचं कामही व्हायचं होतं. पुढे १७ नोव्हेंबर १९२१ ला पंचम जॉर्जचा मुलगा, तेव्हाचा युवराज, इथे उतरला. दरवाजा अजून अर्धवटच होता, आणि शहराने युवराजावर बहिष्कार घातला होता. त्याच दिवशी परळला विलायती कपड्यांची होळी झाली. पुढचे काही दिवस मुंबईत दंगली झाल्या, माणसं मेली; गांधीजींना त्याचं फार दुःख झालं.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यांत आवडते. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरच्या भारतीय नाविकांनी बंड केलं. जेवण वाईट, वागणूक अपमानाची, तेव्हा ती पोरं चिडली. बंदरातल्या जहाजांवर बंड पसरलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांची रसद तोडायचा प्रयत्न केला. मग मुंबईकरांनी काय केलं? खाण्याची पुडकी आणि पाण्याच्या बादल्या घेऊन ते गेटवेपाशी जमले. इथून ते अन्न जहाजांवरच्या नाविकांपर्यंत पोहोचलं. त्या दिवसांत शहरात गोळीबार झाले, दोनशेहून अधिक माणसं मेली. बंड २३ फेब्रुवारीला थांबलं. राजासाठी बांधलेल्या दरवाजातून बंडखोरांचा डबा गेला, याचा विचार विटेटने स्वप्नात तरी केला असेल का?

हे सगळं मी सांगत होते, पण अण्णांचं लक्ष नव्हतं. ते काठी टेकत मैदानात इकडून तिकडे फिरत होते. चार पावलं पुढे, मान वाकडी करून कमानीतून बघायचं, मग दोन पावलं बाजूला. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

‘‘आजोबा, काय हरवलं?’’ धाकटी धावली.

‘‘चप्पल,’’ अण्णा म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला जागेवर होत्या.

‘‘आत्ताची नव्हे गं. अठ्ठेचाळीस सालची.’’

मग कठड्याशी जागा करून त्यांना बसवलं आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते.

‘‘तेव्हा मी नऊ वर्षांचा. आमचे बाबा गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. बातमी त्यांना इतरांच्या आधी कळायची, आणि तीही उलटी वाचून! एक दिवस घरी येऊन म्हणाले, इंग्रजांची शेवटची पलटण शनिवारी जाणार. तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. गांधीजींना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. चाळीत कोणी मोठ्याने हसत नसे. आईला वाटत होतं, कशाला जायचं गर्दीत? पण बाबा म्हणाले, इंग्रज येताना आपल्या पणज्यांनी पाहिला, जाताना याला बघू दे.

‘‘इथे आलो तर ही गर्दी! बाबांनी मला खांद्यावर घेतलं. तेव्हा कुठे काही दिसलं. टोप्या, संगिनी, बँडची पितळी वाद्यं. आपल्या सैनिकांनी त्यांना मानवंदना दिली. त्यांना चांदीचा एक छोटा गेटवे भेट दिला, पण ते मला नंतर पेपरात कळलं. तिथून चांदी-बिंदी काही दिसत नव्हती. मग बँडने एक संथ गाणं धरलं, निरोपाचं त्यांचं जुनं स्कॉटिश गाणं, आणि ते सैनिक सावकाश पावलं टाकत कमानीखालून निघाले. पलीकडे पायऱ्या. पायऱ्यांना बोटी.’’

‘‘लोक काय करत होते? हुर्यो?’’ थोरल्याने विचारलं.

‘‘छे! कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी ‘जय हिंद’ ओरडलं. बाबा गप्प होते. मला वाटलं ते रडताहेत, म्हणून मी वाकून बघायला गेलो, आणि तेवढ्यात माझी एक चप्पल सुटली. कोल्हापुरी, नवी कोरी! पाय वाढेल म्हणून दोन नंबर मोठी घेतलेली. ती त्या गर्दीत कुठे गेली कोण जाणे. घरी गेल्यावर आईने विचारलं, दुसरी कुठाय? बाबा म्हणाले, अगं इंग्रज गेला, आणि तू एका चपलेचं काय घेऊन बसलीस? आई म्हणाली, इंग्रज गेला, पण चपलेचे पैसे ठेवून गेला नाही!’’

ती पलटण म्हणजे सोमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश फौजा टप्प्याटप्प्याने गेल्या, त्यांतली ही शेवटची. पुस्तकात ही एक ओळ असते. आमच्या घरात ती ओळ म्हणजे एक चप्पल आहे, हे मला या वयात कळलं. अण्णांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘तू विचारलं नाहीस.’’

अण्णांना शोधायची होती ती बाबा उभे होते ती जागा. पण मैदानाचं रूप बदललेलं. तेव्हा इथे पंचम जॉर्जचा पुतळा होता. त्या जागी २६ जानेवारी १९६१ पासून शिवाजी महाराज घोड्यावर आहेत. अण्णांना एकच खूण आठवत होती. खांद्यावरून बघताना कमानीच्या बरोबर मधोमध पाणी दिसत होतं.

थोरल्याने लगेच धाकटीला खांद्यावर घेतलं. ती तशी जड आहे, पण त्याने दात-ओठ खाऊन तोल सांभाळला. आजोबा काठीने दिशा दाखवताहेत, तो डावीकडे-उजवीकडे सरकतोय, धाकटी वरून सांगतेय.

‘‘पाणी दिसत नाही. एका काकांचं डोकं दिसतंय... अजून थोडं... हां! दिसलं! पाणी दिसलं, आणि एक बोट, आणि दोन ताया सेल्फी काढताहेत.’’

‘‘इथेच,’’ अण्णा म्हणाले. ‘‘किंवा इथेच कुठेतरी.’’ आणि बराच वेळ तिथे उभे राहिले.

परतताना थोरल्याने तो प्रश्न विचारला, जो बहुधा मघापासून त्याच्या मनात होता. ‘‘आजोबा, राजाचा पुतळा हलवला. मग हे का ठेवलं? हेही राजाचंच ना? वर नाव आहे त्याचं.’’

‘‘पैसे कोणाचे?’’

‘‘राजाचे?’’

‘‘राजा कशाला देतोय! एकवीस लाख रुपये लागले, तेव्हाचे. बहुतेक सगळे हिंदुस्थान सरकारने दिले. सरकारकडे आले कुठून? इथल्या लोकांच्या करातून. दगड इथला, पैसा इथला, घडवणारे हातही इथलेच. त्याचं काय आहे यात? नाव.’’

‘‘पण नावच तर सगळे वाचतात.’’

‘‘वाचू दे की. नाव पुसलं तर कोण आलं होतं ते कळणार कसं? आणि कोण आलं ते कळलं नाही, तर कोण गेलं ते कसं सांगशील?’’

थोरल्याचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, निदान खाली मराठीतून मोठ्या अक्षरांत लिहायला हवं, की इथूनच ते परत गेले. अण्णा म्हणाले, ‘‘चांगलं आहे. तू मजकूर लिही. छोटा लिही हं, दगडावर कोरायचा म्हणजे कष्टाचं काम.’’ कोल्हापूरला परत जाईपर्यंत त्याने चार मजकूर लिहून खोडले. तुम्हाला सुचला तर तुम्हीही लिहून बघा, वाटतं तितकं सोपं नाही.

आता राहिली बोट. मुलांना फिरायला न्यायचंच होतं. गेटवेपासून घारापुरीला लाँच जातात, साधारण तासाभराचा प्रवास. तिथल्या लेणी सोमवारी बंद असतात हे ध्यानात ठेवा. अलिबागला जाणारे लोक मांडव्याची लाँच घेतात, ती पावसाळ्यात बंद असते. आमच्याकडे वेळ थोडा, म्हणून आम्ही बंदरातली छोटी फेरी घेतली. अण्णा खालीच थांबले. शेवाळलेल्या पायऱ्या आणि हलणारी फळी, नकोच ते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच बंदरात बोटीचा मोठा अपघात झाला आणि माणसं दगावली. जॅकेट ढगळ असतं, त्यात फोटो चांगले येत नाहीत, तरी घालाच.

बोट सुटली, तशी धाकटी म्हणाली, ‘‘संध्याकाळी यायला हवं होतं. सूर्य समुद्रात बुडताना दिसला असता.’’

तिने आदल्या दिवशी गिरगाव चौपाटीवर तो पाहिला होता ना! पण दोस्तांनो, मुंबईच्या दोन बाजूंना दोन समुद्र आहेत असं समजा. चौपाटी पश्चिमेला, उघड्या अरबी समुद्राकडे. गेटवे पूर्वेला, बंदराच्या खाडीकडे. इथे सूर्य पाण्यात बुडत नाही, पाण्याच्या बाजूने उगवतो, आणि मावळतो ताजच्या पाठीमागे. म्हणूनच सकाळी दरवाजा असा उजळून निघतो.

थंडीचे दिवस, त्यामुळे कुरव पक्षी बोटीमागे लागले होते. पांढरेशुभ्र, वाऱ्यावर तरंगल्यासारखे. दूर नौदलाची राखाडी जहाजं नांगरलेली. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, १९७१ च्या युद्धात आपल्या नौदलाने कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याची आठवण. गेटवेचा वाढदिवसही त्याच तारखेला येतो, हा निव्वळ योगायोग. मी थोरल्याला दक्षिणेकडे बोट दाखवून सांगितलं, की त्या बाजूला, बंदराच्या तोंडाशी खांदेरीचं बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून अडवायची खटपट केली, पण किल्ला उभा राहिलाच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी आहे. मैदानातला तो घोडेस्वार तिथे उगाच नाही.

थोरला मात्र मागे बघत होता. मी वळले, आणि मान्य करते, मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. गेटवे जमिनीवरून बघायची गोष्टच नाही. तो समुद्रावरून बघायचा. पाण्यातून तो सरळ वर येतो, तिरका नाही, अर्धवट नाही. मागे ताजचा घुमट, आणि मधोमध ती कमान, तिच्यातून पलीकडचं मैदान दिसतंय. पंचम जॉर्जला हे दृश्य मिळालं नाही. मिळालं ते जाणाऱ्या सैनिकांना.

‘‘त्यांना असाच दिसला असेल ना,’’ थोरला म्हणाला. ‘‘लहान लहान होत गेलेला.’’

‘‘चांदीच्या एवढा,’’ धाकटी म्हणाली.

कठड्याशी एक पांढरा ठिपका दिसत होता. अण्णांचा सदरा. दोघं हात हलवत राहिले, पण अण्णांना एवढ्या लांबचं दिसत नाही.

परत आलो तेव्हा भरतीचं पाणी दोन पायऱ्या वर चढलं होतं. उतरण्याची गडबड झाली, माणसं एकमेकांना ढकलत होती. धाकटी सगळ्यांच्या पुढे निसटून धावत सुटली आणि आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

‘‘आजोबा, चपला आहेत ना दोन्ही?’’

अण्णांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही पाय उचलून दाखवले.